मोर्वेनचा आवाज

इशबेल डॉइगला तो आवाज परत ऐकू आला तेव्हा ती टॅम मेल्ड्रमच्या स्वयंपाकघरात अंडं उकडत उभी होती. टॅम जन्मभर मासेमारी केलेला म्हातारा. कानानं अधू, म्हणून त्याच्या घरचा रेडिओ शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल इतका मोठा. सेंट मोनन्स या बंदराच्या गावातल्या अशा एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी सकाळ-संध्याकाळ जायचं, त्यांच्या सुजल्या पायांवर घट्ट मोजे चढवायचे, गोळ्या द्यायच्या, काहीतरी खायला करून घालायचं आणि पुढच्या घराकडे पळायचं, हे इशबेलचं काम. रेडिओवर काय चाललंय याकडे तिचं लक्ष नसायचं. त्या सकाळी गेलं, कारण गिटारीचे ते पहिले सूर तिच्या ओळखीचे होते.

मग दोन बायकांचे आवाज आले. एक खालून चालणारा, एक त्याच्या खांद्यावर हात ठेवून वरून.

दार लोटलं, हाक दिली, आत आहेस का?
किटली गरम, खुर्ची गरम, आत आहेस का?

गाणं संपलं तशी निवेदिका हळू आवाजात बोलायला लागली. फाइफच्या किनाऱ्यावरचे हे तिघं, 'स्मॉल वेदर' नावानं गात असत. त्या वेळी त्यांना कुणी विचारलं नाही. आता ग्लासगोच्या एका छोट्या कंपनीनं त्यांची सगळी गाणी गोळा करून दोन रेकॉर्डींचा संच काढलाय. "आणि हा वरचा आवाज मोर्वेन गोर्लीचा," ती म्हणाली. "हे गाणं गायल्यावर थोड्याच दिवसांत ती गेली. सव्वीस वर्षांची होती. मला तर ऐकताना अंगावर काटा आला."

पातेल्यातलं पाणी उतू गेलं, गॅस विझला, अंडं तडकून पांढरं बाहेर आलं. इशबेल तशीच उभी.

"काय गं पोरी," टॅम खुर्चीतून म्हणाला, "भूत बघितलंस की काय?"

"बघितलं नाही. ऐकलं."

"काय म्हणालीस?"

"अंडं फुटलं म्हणाले!"

"मग तसं मोठ्यानं बोल की. पुटपुटतेस काय!"

इशबेलनं दुसरं अंडं टाकलं.  ते गाणं मोर्वेननं गायलेलं नव्हतं. ते टेपवर घेतलं तेव्हा मोर्वेनला मातीत ठेवून दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. खालचा आवाज इशबेलचा होता, आणि वरचाही इशबेलचाच होता.

*

मोर्वेन आणि इशबेल शाळेत एका बाकावर बसायच्या आणि रविवारी चर्चच्या गाणाऱ्यांत शेजारी उभ्या राहायच्या. मोर्वेन फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायची. इशबेलकडे आजोबांचा ॲकॉर्डियन होता, त्याची दोन बटणं कायमची दबलेली. स्ट्रुअन बिरेल हा शाळेतल्या सुतारकामाच्या मास्तरांचा मुलगा. तो गाणी रचायचा आणि गिटार वाजवायचा. बंदरावर जाळी ठेवायच्या एका माळ्यावर, डांबराच्या आणि ओल्या दोराच्या वासात, तिघांचं बसणं सुरू झालं. बँडला नाव मिळालं ते मोर्वेनच्या वडिलांच्या बोलण्यातून. होडी बाहेर काढावी इतकी चांगली नाही आणि घरी बसावं इतकी वाईटही नाही, अशी हवा पडली की ते खिडकीतून बघून म्हणायचे, "आज बारीक हवा आहे." तेच झालं स्मॉल वेदर.

दोघींचे आवाज मुळात सारखे नव्हते. ते मोर्वेननं सारखे केले. "माझ्या तोंडाकडे बघ," ती म्हणायची. "मी ओठ मिटेन तेव्हा मीट. मी श्वास घेईन तेव्हा घे. ऐकणाऱ्याला कळता कामा नये कोण कुठली." मोर्वेनची एक खोड होती. जिथे सगळे श्वास घेतात तिथे ती घ्यायची नाही. रेटून पुढे जायची, आणि मग शब्दाच्या मधेच, पाण्यातून डोकं वर काढावं तसा घाईनं घ्यायची. इशबेलला ते जमायला एक पावसाळी हिवाळा लागला. त्यानंतर मात्र टेपवर ऐकताना त्यांच्या त्यांनाच कधीकधी वाद घालावा लागे.

पाच-सहा वर्षं त्यांनी गळक्या गाडीतून हिंडून काढली. गावोगावचे हॉल, कॉलेजांची तळघरं, अ‍ॅबरडीनला तर एकदा ऐकणारे दोन आणि गाणारे तीन. तो काळ मोठ्या आवाजाच्या गिटारींचा होता. या तिघांची गाणी म्हणजे कुणीतरी वाळत घातलेले कपडे आत आणतंय, कुणी आईला पत्र न लिहिता नुसतं पाकीट पाठवतंय, अशी. एक रेकॉर्ड निघाली. ती काढणारी कंपनी तिच्या मागोमाग बुडाली. न खपलेले खोके स्ट्रुअनच्या वडिलांच्या शेडमध्ये ओल धरत पडून राहिले.

मग मोर्वेनच्या रक्तात दुखणं निघालं. इस्पितळात पडल्यापडल्या तिनं आयुष्यातलं एकुलतं एक गाणं स्वतः रचलं. शेजारणी-पाजारणी दार ढकलून जी हाक मारतात, आत आहेस का, त्या हाकेचं. ती ते इशबेलच्या कानाशी गुणगुणायची. टेपवर घ्यायचं राहूनच गेलं. मोर्वेन फेब्रुवारीत गेली. चर्चच्या दारात तिची आई, नेट्टी गोर्ली, सगळ्यांसमोर इशबेलला म्हणाली, "तुमच्या त्या गाडीच्या ओलीनं खाल्ली माझी पोर." डॉक्टर काय म्हणतात ते नेट्टीलाही माहीत होतं, पण तिला कुणावर तरी राग धरायचा होता आणि इशबेल समोर उभी होती.

त्यानंतर काही दिवसांनी स्ट्रुअननं इशबेलला माळ्यावर बोलावलं. एकाच टेपच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर, म्हणजे ट्रॅकवर, वेगवेगळे आवाज घेणारं त्यांचं जुनं टेपयंत्र त्यानं मांडून ठेवलं होतं. त्यानं दाढी केली नव्हती, बहुतेक झोपही घेतली नव्हती.

"तिचं गाणं घेऊन ठेवू," तो म्हणाला.

इशबेलनं खालचा आवाज गायला. यंत्र मागे फिरवून स्ट्रुअन म्हणाला, "आता वरचा."

"वरचा तिचा आहे, स्ट्रुअन."

"म्हणून तर."

"मी नाही गाणार."

"इश, एकदाच. मग मी तुझ्याकडे कधीच काही मागणार नाही."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, डोळे मिटले आणि गायली. गाणं संपल्यावर मागे वळून बघितलं तर स्ट्रुअननं जॅकेट ओढून तोंडावर घेतलं होतं. गायलेलं पुन्हा लावून ऐकायचं धाडस दोघांचंही झालं नाही. टेपच्या डबीवर स्ट्रुअननं लिहिलं, 'मोर्वेनचं गाणं'. पुढच्या महिन्यात तो ऑर्कनीला निघून गेला आणि तिथे होड्या बांधायला लागला.

इशबेलनं गाणं सोडलं. लग्न केलं, एक मुलगी झाली, लग्न मोडलं, मुलगी डंडीला नोकरीला गेली. चर्चमध्ये सगळे उभे राहून गायचे तेव्हा इशबेल नुसते ओठ हलवायची. मुलीच्या वाढदिवसालाही तसंच. मुलीला वाटायचं, आपल्या आईला सूरच नाही.

*

रेडिओ ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी नदीम शफी ग्लासगोहून गाडी हाकत तिच्या दारात आला. हा संच काढणारा माणूस तोच. चाळिशीचा, अंगानं भरलेला, बोलायला लागला की न थांबणारा. गेली काही वर्षं तो तिला पत्रं पाठवत होता आणि इशबेल ती न उघडता शेगडीत टाकत होती.

"मी समजू शकतो," तो स्वयंपाकघरात बसत म्हणाला. "मैत्रीण गेली की काही नको वाटतं. पण तुम्हाला सांगू का, वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर बसून मी तुमची रेकॉर्ड ऐकली. दान केलेल्या वस्तूंच्या दुकानात, बँडबाजाच्या रेकॉर्डींच्या खाली सापडली होती. गिऱ्हाईक दुधाची बाटली घेऊन उभं, आणि मी हात वर करून सांगतोय, थांबा, एवढं कडवं होऊ दे."

"आणि गिऱ्हाईक?"

"थांबलं की! मग विचारलं, कोण आहेत या? तेव्हाच ठरवलं, हे बाहेर काढायचं." त्यानं संच टेबलावर ठेवला. वरच्या चित्रात तिघं बंदराच्या धक्क्यावर बसलेले, मोर्वेन हसताना अर्धी हललेली. "जुन्या टेपा स्ट्रुअननं पाठवल्या. म्हणाला, घे, हवं ते कर. आणि त्यात ही डबी! 'मोर्वेनचं गाणं'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रात्रभर सुन्न होतो. मरणाच्या दारात असलेली मुलगी इतकं स्वच्छ गाते?"

इशबेलनं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात नदीम म्हणाला, "पहिला संच मी मिसेस गोर्लींना स्वतः नेऊन दिला. त्यांनी माझा हात धरला तो सोडेनातच. म्हणाल्या, पोराची आई होण्यापेक्षा पोरीची आई होणं अवघड असतं. का म्हणाल्या कुणास ठाऊक. पण मला वाटलं, एवढ्याचसाठी केलं असतं तरी चाललं असतं."

इशबेलनं तोंड मिटलं आणि त्याला आणखी चहा ओतला.

नेट्टी गोर्ली ही इशबेलच्या संध्याकाळच्या फेरीतली. दोन वर्षांपूर्वी तिची कंबर मोडली तेव्हा ऑफिसनं इशबेलचं नाव त्या घरावर टाकलं. पहिल्या दिवशी नेट्टीनं तिला दारात उभी करून नखशिखांत बघितलं आणि एवढंच म्हणाली, "चहात दूध आधी घालायचं नाही." तेव्हापासून मोजे, गोळ्या, आंघोळ सगळं चालू होतं, आणि मोर्वेनचं नाव दोघींपैकी एकीनंही काढलं नव्हतं.

त्या संध्याकाळी इशबेलनं नेहमीप्रमाणे किल्लीनं दार उघडलं आणि हाक दिली, "आत आहात का, मिसेस गोर्ली?"

आतून तिच्याच तरुण आवाजानं विचारलं, आत आहेस का?

इशबेल दाराला धरून उभी राहिली. आत नेट्टी खिडकीपाशी बसली होती. शेजारणीनं आणून दिलेल्या यंत्रावर रेकॉर्ड फिरत होती.

"ये. बस इथं. मोजे राहू देत," नेट्टी म्हणाली. तिचे गाल तापल्यासारखे लाल झाले होते. "ऐक. शेवटी शेवटी पोरीला जिना चढवत नव्हता. मग हा दम कुठून आणला गं तिनं?"

इशबेल तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसली.

"मला एका शब्दानं सांगितलं नाही. तू होतीस ना तिथं?"

"होते."

"कशी दिसत होती?"

इशबेलनं आपल्या मांडीवरच्या हातांकडे बघितलं. "भिंतीकडे तोंड होतं," ती म्हणाली. "डोळे मिटलेले होते."

"रडली?"

"गाणं संपल्यावर."

नेट्टीनं समाधानानं मान हलवली आणि सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली.

*

त्या उन्हाळ्यात ते गाणं गावात सगळीकडे झालं. बेकरीत लागायचं. मासे विकणाऱ्या गाडीवाल्याच्या मोबाईलवर लागायचं. कोण कुठली माणसं लीड्सहून, रॉटरडॅमहून यायची आणि बंदरावर इशबेललाच विचारायची, मोर्वेन गोर्लीची कबर कुठे? इशबेल वाट दाखवायची. कबरीवर अनोळखी हातांनी ठेवलेली फुलं साचायला लागली. एक मुलगी तिथे गुडघ्यांवर बसून हुंदके देत होती. इशबेलकडे बघून म्हणाली, "तिचा आवाज ऐकला की वाटतं, ती माझ्याच खोलीत आहे." इशबेलला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण ठेवला तर तो कुणाचा हात म्हणायचा, हे तिला कळेना.

नेट्टीत मात्र फरक पडला. ती जेवायला लागली. केस विंचरून घ्यायला लागली. आयुष्यभर ज्या गाडीला शिव्या दिल्या त्या गाडीबद्दल विचारायला लागली: रंग काय होता, पुढे कोण बसायचं, मोर्वेन सँडविचमध्ये काय घालायची? इशबेल सांगायची. ते सगळं खरं होतं आणि खऱ्या मोर्वेनचं होतं, म्हणून सांगताना सोपं जायचं. मग नेट्टी म्हणायची, "लाव गं आता तिचं गाणं," आणि इशबेल उठून लावायची.

घरी आल्यावर ती स्वतःचा संच काढून तेच गाणं ऐकायची, आपला आवाज शोधायला. खालचा लगेच सापडायचा. वरच्याशी आली की तिला काही सुचेनासं व्हायचं. त्यात कुठेच इशबेल नव्हती. ओठ मिटणं मोर्वेनचं, शब्दाच्या मधला तो श्वास मोर्वेनचा. सिंकपाशी उभं राहून तिला कधीकधी वाटायचं, त्या फेब्रुवारीत गेली ती मीच, आणि हे मोजे चढवणं, अंडी उकडणं दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

एका रविवारी तिनं स्ट्रुअनला फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मागे कुणीतरी रंधा मारत होतं.

"तू का नाही सांगितलंस त्याला?" तिनं विचारलं.

दार ओढून घेतल्याचा आवाज आला, रंधा मंदावला. मग स्ट्रुअन म्हणाला, "काय सांगणार होतो?"

"की ती मी आहे म्हणून!"

"इश, मी तिथं होतो. दाराकडे पाठ करून बसलो होतो. तू वरचा आवाज लावलास आणि माझी मागे वळायची छाती झाली नाही. त्या खोलीत आपण दोघंच होतो का असं मला शपथेवर विचारलंस तर मी हो म्हणेन. पण मला तसं वाटलं नव्हतं. अजूनही वाटत नाही."

"मला भीती वाटते, स्ट्रुअन."

"मलाही वाटते. म्हणून तर टेप देऊन टाकली."

*

सप्टेंबरात नदीमनं गावच्या हॉलमध्ये एक संध्याकाळ ठरवली. संच मांडायचा, गाणी ऐकवायची, चार जण आठवणी सांगणार. नेट्टीनं जाहीर केलं की आपण येणार आणि शेवटच्या गाण्याआधी आपण बोलणार. त्यासाठी तिनं निळा कोट कपाटातून काढायला लावला. "माझ्या मुलीनं मरता मरता काय केलं ते गावाला माझ्या तोंडून कळू दे," ती म्हणाली.

आता इशबेलला गप्प बसणं अशक्य झालं. आधी तिनं नदीमला बोलावून सांगितलं. नदीमचा चेहरा उतरला. त्यानं लॅपटॉप उघडला, टेपवरच्या पट्ट्या वेगळ्या केल्या आणि वरचा आवाज एकटाच लावला. सोबतीला काही नसलेला तो आवाज स्वयंपाकघरात फार उघडा वाटला. गाणं संपलं तरी नदीमनं बंद केलं नाही. टेपवर थोडी शांतता होती, मग एक हुंदका, आणि त्या हुंदक्यामागोमाग एक मुलगी म्हणाली, "बास, स्ट्रुअन. बंद कर." तो आवाज इशबेलचा होता, इतका की पन्नाशी उलटलेल्या इशबेलनंही तो जसाच्या तसा काढला असता.

"हे मी कापून टाकलं होतं," नदीम हळूच म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही शेजारी उभ्या असाल." लॅपटॉप मिटत त्यानं विचारलं, "मी काय करू?"

"अजून काही नको. आधी मी तिला सांगते."

दुसऱ्या दिवशी तिनं नेट्टीच्या पायांतले मोजे काढले, पाय टॉवेलवर ठेवले आणि जमिनीवर बसूनच सगळं सांगितलं. माळा, यंत्र, दोन्ही आवाज. नेट्टीनं मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "झालं?"

"झालं."

"तुला नेहमीच ती व्हायचं होतं. शाळेत असल्यापासून. तिच्यासारखी वेणी, तिच्यासारखा कोट. आणि आता पोर गेली तर तिचं गाणं पण पाहिजे?"

"मिसेस गोर्ली, मला ते नकोच होतं कधी."

"मग गाऊन दाखव. तू गायलीस ना? दाखव."

इशबेल जमिनीवरून उठली. इतक्या वर्षांत गळ्यातून सूर काढला नव्हता. तिनं सुरुवात केली. आवाज जाडा, फाटका आला. वरच्या सुराशी गेला आणि तिथेच तुटला. तिनं पुन्हा लावला, पुन्हा तुटला.

नेट्टीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. "बघ," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, फार थकवा होता. "ही माझी मोर्वेन नाही. जा तू आता."

इशबेलला वाटलं, ती ऑफिसला फोन करून दुसरी बाई मागवेल. पण दुसऱ्या संध्याकाळी गेली तर दार आतून उघडं होतं, आणि नेट्टी म्हणाली, "उशीर झाला तुला. मोजे कोण काढणार?" त्या विषयावर एक अक्षर नाही.

हॉलमध्ये त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. इशबेलनं नेट्टीला चाकांच्या खुर्चीतून पुढच्या रांगेशी नेलं आणि स्वतः मागे बसली. नदीमनं तिच्याकडे प्रश्नार्थक बघितलं, तिनं मान हलवून नाही म्हटलं. गाणी झाली. मग नेट्टीच्या हातात माइक दिला. तिनं निळा कोट सारखा केला. 

"हे गाणं माझ्या मुलीनं रचलं," नेट्टी म्हणाली. "त्या वेळी मी तिच्या गाण्यावर रागावलेली होते. ऐकलं नाही कधी. आता ऐकते." ती थांबली. "यात खालचा आवाज आहे तो इथं मागे बसलाय. इशबेल डॉइग. ये पुढे. लोकांना वाट बघायला नको लावूस."

सगळ्या माना वळल्या. इशबेल उठून खुर्च्यांमधून वाट काढत निघाली. पुढे पोचल्यावर नेट्टीनं तिचं मनगट घट्ट धरलं आणि माइक बाजूला करून म्हणाली, "तू तुझं गा. वरचं ती गाईल."

नेट्टीनं खूण केली तशी नदीमनं खालची पट्टी बंद करून फक्त गिटार आणि वरचा आवाज सोडला. इशबेलनं खालून सूर धरला. तो आला. जाडा, वापरून झिजलेला, पण आला. आणि तिच्या डोक्यावरून, हॉलच्या दोन्ही कोपऱ्यांतून, सव्वीस वर्षांची एक मुलगी गायला लागली. इशबेलला ठाऊक होतं ती कोण आहे. तरी दुसऱ्या कडव्याशी, जिथे सगळे श्वास घेतात तिथे, ती आपोआप थांबली आणि वाट बघू लागली. वरच्या आवाजानं तिथे घेतला नाही, पुढे गेला, आणि शब्दाच्या मधे घाईनं घेतला. इशबेलनंही तिथेच घेतला. ती कुणाच्या तोंडाकडे बघत होती ते तिला सांगता आलं नसतं.

घरी परत नेताना वारा होता. इशबेल खुर्ची ढकलत होती. चर्चच्या उतारावर नेट्टी एकदम म्हणाली, "तो श्वास मात्र तिचाच आहे. तेवढं मला कळतं."

"हो," इशबेल म्हणाली. "तो तिचाच आहे."

पुढच्या वसंतात नेट्टी गेली. झोपेतच गेली. सकाळच्या बाईला सापडली. नदीमनं संच दुसऱ्यांदा छापायला काढला तेव्हा त्यानं इशबेलला विचारलं, आता काय लिहू? तिनं खरं ते लिहायला सांगितलं: शब्द मोर्वेन गोर्लीचे, दोन्ही आवाज इशबेल डॉइगचे. ते वाचून तिच्या मुलीनं डंडीहून फोन केला आणि बराच वेळ नुसतं, "तू? तू?" म्हणत राहिली. इशबेल आता चर्चमध्ये गाते. फार मोठ्यानं नाही, पण शेजारच्याला ऐकू जातं.

नदीमकडे रागाची पत्रं येतात, ती तो तिला वाचून दाखवतो. परवा अ‍ॅबरडीनच्या एका बाईनं लिहिलं होतं की, तुम्ही मेलेल्या मुलीचं श्रेय काढून घेताय. ज्याला कान आहेत त्याला कळतं की इथे दोन वेगळ्या बायका गातायत. नदीम चिडला होता, उत्तर लिहायला निघाला होता.

"राहू दे," इशबेल म्हणाली. "त्या बाईचे कान चांगले आहेत."